शिलाई मशीनचं गिऱ्हाईक

मंडळी, माझे शाळेचे गणवेश ज्यावर शिवले गेले, ते आईचं शिलाई मशीन विकायची जाहिरात मी इंटरनेटवर दिली होती. परदेशातल्या एका डॉक्टरांनी चेक पाठवला. म्हणाले, किमतीहून जास्त आहे, उरलेले पैसे मशीन न्यायला येणाऱ्या टेम्पोवाल्याला पाठवा. इंग्रजी इतकं सभ्य, की आमच्या कॉन्व्हेंट शाळेच्या सिस्टर्सनी शाबासकी दिली असती.

आज सकाळी शेजारच्या नाते गावची सुमन आली. ब्लाउज शिवून घर चालवते.

"बाई, मशीन मला द्या ना."

"अगं, चेक आलाय. विसार घेतल्यावर शब्द कसा मोडू?"

"बघितलाय तरी काय त्याला तुम्ही? का मला इंग्रजी येत नाय म्हणून मशीन नाय?"

हसली, पण रिकाम्या हातांनी परत गेली.

दुपारी बँकेत कळलं, चेक खोटा आहे. नशीब, पैसे पाठवले नव्हते. व्यवहार मोडल्याचं मी कळवलं, तेव्हापासून त्या डॉक्टरचे फोन सुरू आहेत. "चेक घेतलात, आता पैसे पाठवा, नाहीतर घरी पोलीस येतील." पत्ता मीच दिलाय.

आत्ताही फोन वाजतोय. आमच्या जुन्या फोनवर नंबर दिसत नाही, आणि पुण्याहून लेकही याच वेळेला करते.

सांगा ना, उचलू का?