शेवटच्या खिळ्याचा आवाज

नालबंदाला कमी ऐकू येऊ लागलं होतं आणि ही गोष्ट त्यानं बायकोपासूनही लपवली होती. कोणी काही विचारलं की तो हसून "बघू, बघू" म्हणायचा. एकदा शेजाऱ्यानं सासूबाईंची तब्येत विचारली, तर हा म्हणाला, "जरा कानस मारली की सरळ होईल." शेजारी अजून हसतो.

हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट मात्र ती नव्हती. खुराची बाहेरची भिंत आपल्या नखासारखी निर्जीव असते. खाली तळवा, आणि दोहोंच्या मध्ये पांढरट रेघ; तिच्या आतला भाग जिवंत. खिळा त्या रेघेच्या बाहेरूनच, भिंतीतून तिरका वर जायला हवा. कठीण भिंतीत तो खणखणतो. जिवंत भागाकडे वळला, की बद्द वाजतो. हातोडी हातात असली तरी काम कानानंच करायचं असतं.

त्या सकाळी गाडीवाल्याची घोडी आली होती. बायकोनं तोंडाशी दोर धरला होता आणि नालबंदानं मागचा पाय मांडीवर घेतला होता. टाचेकडचा एकच खिळा उरला. तिथे भिंत मुळातच पातळ, त्यात जुन्या खिळ्यांनी तिचे टवके उडालेले.

त्यानं हातोडी मारली. काहीच ऐकू आलं नाही. पुन्हा मारली, तशी घोडीची कातडी थरथरली. माशी बसली की खिळा रुतला? चुकीचा खिळा आत गेला तर घोडी लंगडणार, गाडीवाल्याची चूल थंडावणार.

"थांबलात का? ठोका की!" गाडीवाल्याच्या ओठांवरून त्याला कळलं.

खुरातच दम नाही असं सांगून मोकळं होता आलं असतं. जिभेवर आलंही होतं. पण पुढचा खिळा तरी तो कशाच्या भरवशावर मारणार होता?

"अगं, मला ऐकू येत नाही," तो म्हणाला.

"काय?"

"ऐकू येत नाही मला!" तो ओरडलाच. "खिळा कसा वाजतो ते तू सांग."

गाडीवाल्याचा चेहरा उतरला. दोर त्याच्या हातात कोंबून बायको खुराजवळ वाकली. त्यानं हलकेच ठोकलं. तिनं जोरात मान हलवली.

"बद्द. काढा आधी."

खिळा निघाला. टोक कोरडं होतं. रक्त नव्हतं. नालबंदाचा जीव भांड्यात पडला. नालाच्या त्याच भोकात त्यानं नवा खिळा बाहेरच्या बाजूला कलता धरला आणि बायकोच्या तोंडाकडे बघत ठोकू लागला. एकेका ठोक्याला ती मान डोलवत होती. शेवटी भिंतीतून टोक बाहेर आलं. ते त्यानं पिळून तोडलं आणि पाय खाली सोडला. घोडीनं त्यावर पुरता भार दिला.

गाडीवाल्यानं तिला अंगणात फिरवून बघितलं. एकदा, पुन्हा एकदा. मग तो नालबंदाकडे न बघता त्याच्या बायकोला म्हणाला, "वहिनी, पुढच्या वेळी केव्हा आणू?"

"नालबंद ते आहेत," ती म्हणाली. "त्यांना विचारा. जरा मोठ्यानं."