मधल्या खोपीतली डबी

सिग्ने ऑस्टबीने लाल पेन्सिल हातात घेतली की टॅमरॅक फोर्कमधल्या भल्याभल्यांची बोबडी वळायची. एकतीस वर्षं पोस्टात काढलेली, लग्नाच्या भानगडीत न पडलेली, नाकावर माशी बसू न देणारी बाई. निवृत्त झाली आणि वस्तीने तिच्या गळ्यात इतिहासाचं पुस्तक बांधलं. उत्तरेच्या या कोपऱ्यात पहिली कुऱ्हाड पडली त्याला सत्तर वर्षं होत आली होती, आणि ती कुऱ्हाड धरणारे एकेक करून टेकडीवरच्या स्मशानात निघाले होते. प्रत्येक घराने आपली दोन पानं लिहून द्यायची, सिग्नेने ती तपासायची आणि शहरातल्या छापखान्याकडे धाडायची, असं ठरलं.

तपासायची म्हणजे काय, ते लोकांना नंतर कळलं. "दोन पुरावे," सिग्ने म्हणायची. "एक तोंडी चालेल, एक कागदी. नाहीतर वाक्य गेलं." म्हातारा गुस्ताव फ्येल्ड सगळ्या जगाला सांगत आला होता की तो १९१२ साली आला, सगळ्यांच्या आधी. सिग्नेने जमिनीचं दफ्तर मागवलं आणि त्याचा १९१३ केला. गुस्ताव वर्षभर तिच्याशी बोलला नाही. दुकानात ती समोर आली की छताकडे बघत उभा राहायचा. सिग्नेला त्याचं काही नव्हतं. तिच्या स्वयंपाकघरात बुटांच्या खोक्यांच्या चळती होत्या, खोक्यांत कार्डं होती, आणि कार्डांवर तुमच्याआमच्या बापजाद्यांचं खरंखोटं निवडून ठेवलेलं होतं.

एकाच माणसाला दोन पुराव्यांचा नियम लागला नाही. तो म्हणजे तिचा बाप.

एनार ऑस्टबी नदीवरच्या धक्क्यापासून वस्तीपर्यंत टपाल आणायचा. पन्नास मैल, हिवाळ्यात बर्फगाडीवरून, दोन घोडे आणि एक माणूस. बरोब्बर मध्यावर लाकडी खोपी होती. ती कुणाची नव्हती, म्हणून सगळ्यांची होती. तिथून निघताना प्रत्येकाने चुलीत ढलप्या आणि काटक्या रचायच्या, फोडलेली लाकडं बाजूला लावायची आणि काड्यांची पत्र्याची डबी दाराशेजारच्या फळीवर ठेवायची. मागून येणाऱ्याची बोटं इतकी बधिर असतात की त्याला काडी ओढण्यापलीकडे काही जमत नाही. घाई असो, आजारपण असो, चूल रचल्याशिवाय निघायचं नाही. न रचता गेलेल्या माणसाला आमच्याकडे पुन्हा कुणी दारात उभं केलं नाही.

आणि याच खोपीत १९३१ च्या जानेवारीत ओस्टाप प्रोकोपचुकची बायको आणि अंगावरचा मुलगा गोठून मेले.

ही गोष्ट इथल्या पोरासोरांना पाठ होती. युक्रेनहून आलेलं ते कुटुंब धक्क्यावरून आपल्या नव्या जमिनीकडे निघालं होतं. थंडी उणे पंचेचाळीस. दुसऱ्या दिवशी टपाल घेऊन परतणाऱ्या एनारला ते खोपीत सापडले. ओस्टापच्या हातांचे दगड झालेले, सहा वर्षांची परास्का आईच्या अंगाखाली जिवंत. आणि चूल? चूल रचलेली होती, तशीच्या तशी. चार दिवसांनी पोलीस शिपाई गेला, त्याने लिहून घेतलं: ढलप्या कोरड्या, लाकडं फोडलेली, काड्यांची डबी फळीवर, भरलेली. ओस्टापच्या कपड्यांना दारूचा वास येत होता. झालं! नुसती काडी ओढायची होती हो, तेवढीही शुद्ध नव्हती मेल्याला, असं लोक म्हणाले.

ओस्टाप म्हणत राहिला की डबी फळीवर नव्हती. वाटेत गोठलेल्या ओढ्याच्या बर्फावर खालून पाणी चढलं होतं, त्यात गाडी रुतली, तो कमरेपर्यंत भिजला, खिशातल्या काड्यांचा लगदा झाला. दारू त्याने पोरांच्या पायांना चोळली होती. कोण ऐकतंय! डबी होती, शिपायाने पाहिली होती, आणि एनार ऑस्टबीने सही करून सांगितलं होतं.

ओस्टापची सगळी बोटं कापावी लागली. वसंतात तो दुकानात आला तेव्हा पोरांना नवा खेळ मिळाला. काडेपेटी त्याच्या नाकासमोर धरायची आणि विचारायचं, "काडी देऊ का, मिस्टर प्रोकोपचुक?" सगळ्यांत मोठ्याने ओरडणारी नऊ वर्षांची मुलगी टपालवाल्याची होती. ओस्टापने तिच्याकडे एकदा बघितलं आणि ठुठ्या हातांत पिठाचं पोतं कवटाळून तो निघून गेला. नंतर त्याने बोलणंच टाकलं. १९५२ साली मेला, तेव्हा पेटीला खांदा द्यायला चौघं जमेनात. त्याची स्वतःची पोरगी, परास्काही, गेली नाही.

परास्का शाळेत झाडलोट करायची. पुस्तकासाठी सगळ्यांना पत्रं गेली, तशी तिलाही गेली, आणि तीन वर्षांपूर्वी तिने एक पान आणून दिलं. "मिस ऑस्टबी, मला नीट लिहिता येत नाही," ती म्हणाली, "पण एकदा लिहून टाकावं म्हटलं." त्या पानावर होतं: मी जागी होते. तातो, माझे वडील, रात्रभर फळीवरून हात फिरवत होते. फळीवर काही नव्हतं.

सिग्नेने ते वाचलं आणि नियमाप्रमाणे लाल रेघ मारली. समासात लिहिलं: पोलिसांच्या कागदात डबी आहे. मूल सहा वर्षांचं, झोपेत असणार. दुसरा पुरावा नाही. पाकीट परत गेलं.

पुस्तक छापायला जायच्या आधीच्या शरद ऋतूत सिग्ने नेहमीप्रमाणे कार्डं घेऊन स्मशानात गेली. मरणाच्या तारखा ती दगडांशी ताडून बघायची. प्रोकोपचुकांच्या लाकडी क्रुसाच्या जागी नवा दगड होता. आई आणि मुलगा, १९ जानेवारी १९३१. ओस्टापचं नाव नव्हतं. तो कुंपणाजवळ गवतात होता, तसाच. पण सिग्नेचं डोकं भलत्याच गोष्टीवरून उठलं. तिच्या बापाने जन्मभर सांगितलं होतं, अठराच्या रात्री गेले. पुस्तकात अठरा टाइप झालं होतं. "दगडावर चूक कोरून ठेवलीन बाईने! निदान विचारायचं तरी!" ती पुटपुटली, आणि परास्काला चांगलं सुनवायचं तर हातात कागद हवा म्हणून घरी येऊन बापाच्या रोजनिशांची पेटी उघडली.

त्या वह्या तिने कधी वाचल्या नव्हत्या. नॉर्वेजियनमधलं किरटं शिसपेन्सिलीचं अक्षर, आणि त्यांतलं सगळं बापाच्या तोंडून शंभरदा ऐकलेलं. वाचायचं कशाला? लोकांच्या आज्यांची पत्रं भिंग लावून वाचणारी ही बाई स्वतःच्या बापाच्या बाबतीत डोळे मिटून बसली होती.

अठरा जानेवारी. "वाटेत दुपारी प्रोकोपचुक भेटला, बायकोपोरांसह. सांगितलं, चूल रचून ठेवलीय, नुसती काडी ओढ. संध्याकाळी धक्क्यावर पोचलो. कोटात डबी सापडली. निघताना पाइप पेटवला तेव्हा खिशात गेली असणार. परत जावं का? घोडे थकलेत. त्याच्याकडे काड्या असतीलच."

एकोणीस जानेवारी. "पोरगी म्हणते आई सकाळपर्यंत गात होती. बायको आणि मुलगा गेले. बापाचे हात गेले. डबी ठेवली."

त्यापुढे घोड्यांच्या नालांबद्दल काहीतरी होतं.

सिग्ने खुर्चीत बसून राहिली. चहाचं पाणी आटून किटलीचा वास सुटला तेव्हा उठली. मग तिने तोंड धुतलं आणि भावाला फोन केला.

आर्ने पेट्रोल पंप चालवायचा आणि पुस्तकाच्या समितीचा अध्यक्षही तोच होता. वही बघून त्याने टोपी काढली, पुन्हा घातली.

"कुणाला दाखवलीस?"

"तुलाच."

"मग मिटलं. अगं, चुकून नेली ना त्यांनी? कुणाच्याही हातून होतं. मी नाही तुझं पेन रोज खिशात घालून नेत?"

"नेली ती चुकून, आर्ने. ठेवली ती?"

आर्नेचा आवाज चढला. "पुलावर बाबांचं नाव आहे. माझी पोरं त्या पुलावरून शाळेत जातात. ओस्टाप मेला त्याला सत्तावीस वर्षं झाली, त्याला काय मिळणार आहे आता? आणि तुझा तो नियम कुठे गेला? दोन पुरावे! ही एक वही झाली. दुसरा कुठाय?"

"दुसरा माझ्याकडे आला होता," सिग्ने म्हणाली. "मीच लाल रेघ मारून परत पाठवला."

"हे छापलंस तर मला भाऊ म्हणू नकोस," आर्ने म्हणाला आणि गाडी जोरात वळवून निघून गेला. आजतागायत तो तिच्या दारात आलेला नाही.

सिग्ने वही घेऊन परास्काकडे चालत गेली, अडीच मैल. बाप चांगला होता हो. तिला खांद्यावर बसवून गाणी म्हणायचा, आजारी शेजाऱ्यांची लाकडं न सांगता फोडून द्यायचा. म्हातारपणी मात्र कुणाच्याही घरी गेला की आधी काडेपेटी कुठे आहे ते बघायचा. सगळे हसायचे, सिग्नेही हसायची. आता वाटेत ते आठवलं आणि ती हमसून हमसून रडली.

परास्का हिवाळ्यासाठी कोबी चिरत होती. टेबलावर चिरलेल्या कोबीचा ढीग आणि मिठाचा वाडगा. तिने हात न थांबवता विचारलं, "आता काय चुकलं, मिस ऑस्टबी?"

"तारीख," सिग्ने म्हणाली. "माझी चुकली. तुझी बरोबर आहे." आणि उभ्या उभ्याच तिने दोन्ही दिवसांच्या ओळी वाचल्या, मग त्यांचा अर्थ सांगितला.

सुरी थांबली.

"पुन्हा वाचा. शेवटचं."

"डबी ठेवली."

परास्काने हात पुसले. बराच वेळ पुसत राहिली. "आई गाणं म्हणत होती, मी झोपू नये म्हणून," ती म्हणाली. "उजाडलं, दाराच्या फटीतून दिसलं मला, आणि मग ती थांबली. शाळेत सांगितलं तर बाई म्हणाल्या, तुला स्वप्न पडलं असेल. पाद्री म्हणाला, बापासाठी खोटं बोलू नये. मोठी झाले आणि वाटायला लागलं, एवढी माणसं कशी चुकतील? एकदा तातोंच्या तोंडावर म्हटलं, तुम्ही पीत होतात म्हणूनच मेली आई. तरी शेवटचं म्हणून लिहून तुमच्याकडे आणलं होतं. म्हटलं, ही बाई कुणाला सोडत नाही, हिने खरं म्हटलं तर खरं. तुम्ही लिहिलंत, झोपेत असणार. मग दगड केला आणि तातोंचं नाव नाही घातलं."

"मी पुस्तकात सगळं घालते," सिग्ने घाईघाईने म्हणाली. "वहीचं पान, तुझं पान, दोन्ही समोरासमोर. सहीनिशी. परास्का, मी तेव्हा लहान होते, मला काय माहीत..."

"नऊ वर्षांच्या होतात. मी तातोंचा कोट धरून उभी होते दुकानात."

सिग्नेने वही मिटली.

परास्का उठली. चुलीवरच्या फळीवरून काडेपेटी काढली, टेबलाला वळसा घालून आली आणि सिग्नेच्या नाकासमोर धरली. एवढ्या वर्षांत पोस्टाच्या खिडकीत तिने कधी नुसत्या नावाने हाक मारली नव्हती.

"काडी देऊ का, सिग्ने?"

सिग्ने खाली बघत उभी राहिली. परास्काने वाट पाहिली, काडेपेटी पुन्हा फळीवर जागच्या जागी ठेवली आणि सुरी उचलली.

"छापा," ती म्हणाली. "आणि जाताना दार नीट लावा, थंडी येते."