ओडेसा प्रुइट यांची हरकत

मिस ओडेसा पॅरोलच्या सुनावणीला रविवारच्या चर्चला निघाल्यासारख्या नटून निघत. निळी हॅट, पांढरे हातमोजे, आणि छातीवर लिंडेलचा फोटो असलेला बशीएवढा बिल्ला. आमच्याकडं वडीलधाऱ्या बाईच्या नावाआधी मिस लावतात, मग तिचं लग्न झालेलं का असेना. लिंडेल त्यांचा मुलगा. तो पेट्रोल पंपावर गल्ल्यावर बसलेला असताना वेंडेल मॅकीनं त्याला गोळी घातली.

त्यांना राज्याच्या राजधानीपर्यंत नेऊन आणायचं काम माझ्याकडं होतं. मी रूफस, त्यांचा शेजारी. हायवेवर गाडी चालवणं त्यांना आता जमत नव्हतं, आणि मला त्यांच्यापुढं नाही म्हणायची सवय नव्हती. कुणालाच नव्हती. जन्मभर त्यांनी शाळेच्या कँटीनमध्ये स्वयंपाक केला, आणि अर्ध्या गावानं त्यांच्या हातचा घेवडा आणि शिव्या दोन्ही खाल्ल्या आहेत. ताटात घेवडा उरला तर त्या पोराला उठू द्यायच्या नाहीत. आजचा आमचा शेरीफ, म्हणजे पोलिसांचा प्रमुख, तोसुद्धा त्यांना बघितलं की कंबरेचा पट्टा नीट करतो.

वेंडेलला जन्मठेप झाली होती. पण आमच्या राज्यात जन्मठेपेलाही काही वर्षांनी खिडकी असते. पॅरोलचं मंडळ बसतं. माणूस सुधारला, लोकांना त्याच्यापासून धोका उरला नाही असं त्यांना वाटलं, तर उरलेली शिक्षा बाहेर, देखरेखीखाली. नाही वाटलं तर पुन्हा काही वर्षांनी बसायचं. मंडळ बसलं आणि मिस ओडेसा गेल्या नाहीत असं कधी झालं नाही. एकदा तर न्यूमोनियातून उठून गेल्या.

माझं मत कुणी विचारलं नव्हतं, तरी सांगतो. लिंडेल आणि मी शाळेत एका बाकावर बसायचो. वेंडेल आत कुजला तरी माझ्या पोटातलं पाणी हललं नसतं. म्हणून तर मी इतकं पेट्रोल जाळत होतो.

वाटेत एका टपरीवर आम्ही तळलेला पीच पाय, म्हणजे पीचचं सारण भरलेली मोठी करंजी, खायला थांबायचो. वेंडेलची बहीण अर्लीन हीसुद्धा तिथंच थांबायची, कारण नदीपलीकडून राजधानीला जायला हाच रस्ता. दोघी एकमेकींच्या डोक्यावरून मेन्यूकडं बघायच्या. इतक्या वर्षांत एक शब्द नाही. अर्लीन आता काठी घेऊन चालायला लागली होती, आणि शेवटच्या सुनावणीच्या दिवशी मिस ओडेसांनी तिच्यासाठी दार धरून ठेवलं. मला ते आवडलं नाही.

"कशाला धरलंत?" मी गाडीत विचारलं.

"तिच्या एका हातात काठी आणि दुसऱ्यात पीच पायची पुडी होती म्हणून. तुला आईनं काही शिकवलंय की नाही?"

मी गाडी चालू केली.

सुनावणीच्या खोलीत दोन बाजूंना बाकं. डावीकडं कैद्याची माणसं, उजवीकडं मेलेल्याची. कैद्याला तिथं आणत नाहीत. आमच्या बाजूच्या लोकांना धीर द्यायला सरकारनं एक बाई नेमलेली असते. त्या वर्षी ती नवीन होती. केंड्रा नाव, तरुण, मनानं चांगली. कागदी रुमालांचा डबा घेऊन ती मिस ओडेसांच्या शेजारी बसली.

आमच्या आधी एका भलत्याच माणसाचं प्रकरण निघालं. त्यानं दोन जिवांची राख केली होती, झोपडीला आग लावून. उजवीकडचं बाक रिकामं. कुणी आलंच नव्हतं. मंडळानं कागद चाळले आणि त्याला सोडलं.

"असं कसं?" मिस ओडेसा कुजबुजल्या.

"विरोध करायला कुणी नव्हतं ना," केंड्रा म्हणाली आणि त्यांचा हात थोपटला. "तुम्ही काळजी करू नका, मॅम. तुम्ही इथं येऊन उभ्या राहता तोवर मॅकी कुठं जात नाही. मी तुमची फाईल वाचलीय. आत त्याची वागणूक चांगली आहे, सुतारकाम शिकलाय, आतल्या कैदी पोरांना वाचायला शिकवतो. पण दर वेळी तुमच्यामुळंच थांबलंय."

मिस ओडेसांनी हात काढून घेतला.

"माझ्यामुळं? मी काय केलं?"

केंड्रा गोंधळली. मीही. कारण त्या काय बोलायच्या ते मला तोंडपाठ होतं. लिंडेल मक्याच्या पावाचे कोपरे आधी खायचा. चर्चमध्ये सगळ्यात खालच्या सुरात गायचा. पहिल्या पगारात आईला कपडे धुण्याचं मशीन घेणार होता. शेवटी, "माझं ऐकून घेतलंत, देव तुमचं भलं करो." बस. त्या माणसाला सोडू नका, असं त्यांनी कधी म्हटलंच नव्हतं! मी दर वेळी मागं बसून ऐकलं होतं आणि माझ्या कधी लक्षातच आलं नाही. ते वाक्य मी माझ्या मनानंच जोडून घ्यायचो. मंडळही तेच करत असणार.

त्या तिकडं का जायच्या ते मला तेव्हा कुठं कळलं. आमच्याकडं मयताला माणसं आली नाहीत तर मेलेल्याचा अपमान होतो. मिस ओडेसांना ते बाक रिकामं दिसायला नको होतं, एवढंच. त्या लिंडेलसाठी जात होत्या. वेंडेलचा त्यात काही संबंध आहे हे त्यांच्या डोक्यातही नव्हतं.

त्यांचं नाव पुकारलं. त्या उभ्या राहिल्या. मंडळाचा अध्यक्ष म्हातारा होता, डोळे चोळत बसलेला. त्या दिवशी त्यानं किती आयांचं रडणं ऐकलं असेल कुणास ठाऊक.

"मिसेस प्रुइट, तुमची हरकत आमच्याकडं आहेच. आणखी काही सांगायचंय?"

"कुठली हरकत?"

"कैद्याला सोडायला तुमची जी हरकत आहे ती."

"मी माझ्या पोराबद्दल बोलत होते, साहेब. त्या माणसाचं नावसुद्धा मी इथं घेतलेलं नाही."

अध्यक्षानं चष्मा लावला. "म्हणजे तुमची हरकत नाही?"

"तेही मी म्हटलेलं नाही. इतकी वर्षं माझ्या तोंडात शब्द घातलेत तेवढे पुरे झाले."

डावीकडं अर्लीनची काठी खाली पडली. ती कुणी उचलली नाही.

"मग मॅम, तुमचं म्हणणं काय आहे? आम्हाला लोकांच्या जिवाचा विचार करावा लागतो."

"मग करा ना! तो काय माझ्या स्वयंपाकघरात होता का इतकी वर्षं? तुमच्या ताब्यात होता. त्याच्या कोठडीचं दार जे उघडतात-लावतात त्यांना विचारा, तो कसा आहे. मला काय विचारता? मला फक्त लिंडेल माहीत आहे." त्यांनी टेबलाला हात टेकला. "तो धोक्याचा असेल तर मी मेल्यावरही त्याला आत ठेवा. नसेल तर मी रडते म्हणून ठेवू नका. मघाशी त्या जळालेल्यांसाठी रडायला कुणी नव्हतं, म्हणून तो माणूस सुटला. हा काय न्याय झाला? दमले मी, साहेब. तुमचं काम तुम्ही करा."

त्या खाली बसल्या. कोपऱ्यांचं, गाण्याचं, मशीनचं त्या दिवशी सांगायचंच राहिलं.

परतीच्या वाटेवर माझं डोकं तापलं होतं. "झालं, सोडला तुम्ही त्याला," मी म्हणालो. "लिंडेलला काय सांगणार आहात?"

त्या खिडकीकडं तोंड करून बसल्या होत्या. "तू गाडी चालव, पोरा," एवढंच म्हणाल्या. अठ्ठावन्नाव्या वर्षी मला पोरा म्हणणारं माणूस जगात एकच उरलंय. टपरीवर थांबू का विचारलं तर नको म्हणून मान हलवली.

वेंडेल सुटला. राहायला बहिणीकडं आला, म्हणजे नदीच्या पलीकडं. चर्चमध्ये काहीजणी मिस ओडेसांना संत म्हणायला लागल्या आणि काहीजणींनी त्यांच्या शेजारी बसायचं सोडलं. त्यांनी दोन्ही गटांकडं लक्ष दिलं नाही. मीही चार रविवार त्यांच्याकडं गेलो नाही. राग होता, का नाकारू?

मग एका दुपारी त्यांचा फोन आला. "रूफस, तुझं ड्रिल घेऊन ये."

गेलो. स्वयंपाकघराच्या मागच्या दाराकडं त्यांनी बोट दाखवलं. त्या दाराला कधीच कुलूप नव्हतं. अर्धं गाव तिथूनच आत यायचं. टेबलावर दुकानातून आणलेली जाड लोखंडी कडी होती.

"आतून बसव."

मला टोमणा मारल्यावाचून राहवलं नाही. "आता कडी? सोडा म्हणून तुम्हीच सांगितलंत ना?"

"सोडा असं मी म्हटलं नव्हतं. तूही त्या मंडळासारखाच आहेस." त्या स्टूलवर बसल्या. हॅट नव्हती, केस विस्कटलेले, आणि पहिल्यांदाच मला त्या खूप म्हाताऱ्या वाटल्या. "काल तो पुलावरून चालत येताना दिसला. दुसराच कुणी असेल. माझं काळीज तोंडात आलं. मी तिथं जे बोलले ते बरोबरच बोलले. उद्या बोलवलं तरी तेच बोलेन. आणि मला भीती वाटते, रूफस. झोप लागत नाही. तू कडी बसव."

मी बसवली. लाकूड जुनं होतं, स्क्रू घट्ट धरेनात, म्हणून मागून पट्टी ठोकली. त्यांनी कडी लावून बघितली, काढून बघितली, पुन्हा लावली.

मी ड्रिलची वायर गुंडाळायला लागलो तर म्हणाल्या, "बस. पाव आत्ताच काढलाय."

मक्याचा पाव होता. त्यांनी चारही कोपरे कापून माझ्या ताटलीत घातले आणि माझ्यासमोर बसल्या. हात पुसले. छातीवर बिल्ला नव्हता, तरी बोटं तिथं गेली.

"आता मला तिकडं कुणी बोलावणार नाही," त्या म्हणाल्या. "त्याचं नाव घ्यायला दुसरी जागा नाही."

"मी आहे ना," मी म्हणालो. तोंडात घास होता, शब्द नीट फुटला नाही.

त्या उठल्या, कडी लागली आहे ना ते पुन्हा एकदा बघून आल्या, आणि सुरू झाल्या. "माझा लिंडेल मक्याच्या पावाचे कोपरे आधी खायचा..."

मला सगळं पाठ होतं. तरी त्या थांबेपर्यंत मी उठलो नाही.