शैलजाच्या उंबऱ्यावरचं वाक्य

औषधं घ्यायला मी दवाखान्याच्या खाली उतरलो होतो, तेवढ्यात मुलाचा फोन आला. "बाबा, वर या." एवढंच म्हणाला, पण आवाजावरून कळलं... माझी बायको, शैलजा, गेली. नागपूरहून बालाघाटला परतताना ती औषधांची पिशवी मी उगाच मांडीवर धरून बसलो होतो.

आमच्या ओसरीत शैलजा इंग्रजीची शिकवणी घ्यायची. भरवेलीच्या खाण कॉलनीतली, किरनापूरकडची पोरं यायची. तिचा एक दंडक होता. चप्पल काढण्याआधी उंबऱ्यावर एक वाक्य बोलायचं, त्यात 'जस्ट', 'ऑलरेडी', 'यट', 'नेव्हर' असा एखादा शब्द हवा, आणि वाक्य त्या दिवसाचं, स्वतःचं, खरं हवं. पुस्तकातलं पाठ करून आलेल्याला ती खुशाल फाटकापर्यंत माघारी धाडायची. मला हा पोरखेळ वाटायचा. सिंचन खात्यात जन्म गेला माझा, इंग्रजी फायलींपुरतं. पण भाजी घेऊन आलो की ती मलाही अडवायची, "काहून जी, तुमचं वाक्य?"

"मले नाही जमत," म्हणून मी पिशवी पुढे करायचो.

एकदा भरवेलीची पूनम उंबऱ्यावर हळूच म्हणाली, "आय हॅव नॉट ईटन यट." शैलजानं तिच्याकडे नीट पाहिलं.

"वाक्य बरोबर हाय. चाल आता, त्याले खोटं करू," म्हणाली आणि तिला आत नेऊन माझ्या वाटणीच्या पोळ्या वाढल्या. मी चिडलोच होतो. पण ही बाई व्याकरणाच्या नावाखाली पोरांच्या घरची खबर ठेवते, हे त्या दिवशी कळलं.

तेरवी झाली, मुलगा नोकरीवर परतला आणि मी ओसरीला कडी घातली. स्वयंपाकघरात पाऊल टाकवेना. नुसत्या चहावर दिवस काढत होतो. खरं सांगतो, जगावंसंच वाटत नव्हतं.

गेल्या आठवड्यात दार वाजलं. पूनम होती, आता कॉलेजात जाते.

"काकाजी, क्लास बंद केला का?"

"हौ. तुमची मॅडमच नाही, तर..."

ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली, चपला तशाच पायात. माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "मंग आज तुम्ही बोला जी. तुमचं वाक्य."

दार लावूनच घेणार होतो. पण इतकी वर्षं कानावर पडलेल्या वाक्यांतलं तिचंच ते वाक्य आपसूक तोंडातून निघालं, "आय हॅव नॉट ईटन यट." माझं पहिलं वाक्य... आणि ऐकायला शैलजा नव्हती. मला रडू आवरलं नाही.

पूनमनं चप्पल काढली, आत आली आणि बॅगेतला डबा उघडून माझ्यापुढे ठेवला.

"वाक्य बरोबर हाय, काकाजी," ती म्हणाली.

त्या दिवसापासून ओसरीची कडी मी घातलेली नाही.