मायला मी गाडीत बसवलं

"त्यांना आत अवघडल्यासारखं होईल. त्यांचं खाणं गाडीतच देऊ या."

संस्थेच्या मॅडम हे माझ्या मायबद्दल बोलल्या. माझ्याशी बोलल्या. माय दोन हातांच्या अंतरावर उभी होती. लुगडं सावरत, दारावरची रंगीत पाटी बघत. तिने ऐकलं. ऐकलं हे मला दिसलं.

भंडाऱ्याच्या अलीकडे, हायवेला लागून ते बर्गरचं हॉटेल नवीनच झालं होतं. अख्खी काचेची भिंत, लाकडी बाकं, छताला लोंबणारे पिवळे बल्ब. आम्ही एकोडीहून संस्थेच्या गाडीने निघालो होतो. संध्याकाळी भंडाऱ्यात कार्यक्रम होता. माय रोवणीची गाणी म्हणते. दुसऱ्यांच्या शेतातल्या बांधीत, चिखलात वाकून धान रोवताना बाया म्हणतात ती. संस्था ती गाणी गोळा करायची आणि मी संस्थेत नोकरीला होते. गाणी मोबाइलवर घ्यायची, मग टाइप करायची. मायची गाणी मीच टाइप केली होती. ती मॅडमना आवडली, म्हणून तिला स्टेजवर बोलावलं होतं.

'ती माझ्यासोबत बसेल.' एवढंच म्हणायचं होतं. मी मायकडे वळले.

"माय, तू गाडीतच बस. आत एसी हाय, तुले सोसनार नाई."

"बरं," माय म्हणाली.

खरं सांगते. मॅडम म्हणाल्या म्हणून मी तसं केलं नाही. मला सुटल्यासारखं वाटलं होतं. तिच्या नखांच्या कडा काळ्या. चिखल मुरलाय त्यांत, घासून जात नाही. ती आत मोठ्याने "मले" म्हणाली असती. आणि मी संस्थेत "मला" म्हणणारी. आरशापुढे उभं राहून शिकलेलं "मला".

आत मॅडमची एक मैत्रीण थांबली होती, नागपूरहून आलेली. बर्गर आले. वीतभर उंच, मधोमध काडी खोचलेली. कुठून धरायचा कळेना. मॅडमकडे बघत बघत खाल्ला. सॉस मनगटावर ओघळला. मैत्रीण हसली. मीही हसले. स्वतःलाच.

मग तिने काचेबाहेर बोट दाखवलं. "त्या कोण? आत का नाही आल्या?"

"आमच्या गायिका. त्यांनाच नको होतं," मॅडम म्हणाल्या. आणि माझ्याकडे बघितलं.

मी मान हलवली. हो म्हणून.

माझी आई आहे, असं माझ्या तोंडून निघालं नाही. तोंडात घास होता, असं मी नंतर स्वतःला सांगून बघितलं. खोटं. घास गिळून झाला होता.

बाहेर गाडीचं दार उघडं होतं. माय सीटवर तिरपी बसलेली, मांडीवर खोका. तिने बर्गर उकलला. पाव वेगळा, पानं वेगळी, टिक्की वेगळी. एकेक करून खात होती. पदर तोंडापुढे धरून. घरी ती कधी असं खात नाही. मालकाच्या अंगणात जेवायला बसवलं की असं खाते.

मॅडम मोबाइल घेऊन काचेजवळ गेल्या. "किती सुंदर दिसतंय हे! कार्यक्रमाच्या पोस्टला टाकू."

मी उठले. "फोटो काढू नका."

"अगं, छान दिसतायत त्या."

"काढू नका म्हनलं ना! माही माय हाय ते."

संस्थेच्या माणसांशी बोलताना पहिल्यांदा माझी घरची बोली निघाली. मॅडमनी मोबाइल खाली घेतला. चेहरा असा, जणू मीच काही घाण केली.

मी बाहेर गेले. "माय, चाल आत. माह्या बाजूले बस."

"आता कायले? पोट भरलं माहं."

"चुकलं माहं, माय."

"लाज वाटली ना तुले माही?"

ती चिडली नव्हती. चिडली असती तर बरं झालं असतं.

"हो," मी म्हटलं.

तिने तोंड रस्त्यावरच्या ट्रककडे वळवलं. मग म्हणाली, "गानं तं मी म्हननच. गानं माहं हाय."

संध्याकाळी तिची ओळख मी करून द्यायची होती. मॅडमनी कागद लिहून दिला होता. मातीतली निरागस गायिका, वगैरे. मी तो वाचला नाही. माईकवर म्हटलं, "हे माही माय हाय. आज दुपारी हॉटेलात आमी आत बसलो अन् हिले गाडीत बसवलं. बसवनारी मी होती. हे सांगितल्याबिगर हिचं गानं सुरू होनार नाई."

कुणी टाळी वाजवली नाही. मॅडम पहिल्या रांगेत खाली बघत बसल्या. माय गायली. पूर्ण गायली. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.

दोन दिवसांनी मॅडमचा फोन आला. उद्यापासून यायची गरज नाही. मायच्या गाण्यांच्या फायली तेवढ्या पाठवून दे.

"गाणी तिची आहेत," मी म्हटलं. "घरी या. तिच्यासमोर खाली बसा आणि तिला विचारा."

त्या आल्या नाहीत.

मायने मला माफ केलं का, माहीत नाही. मी विचारत नाही. विचारून सुटका करून घ्यायची नाहीये मला. गावात, नात्यात लोक विचारतात, नोकरी काहून सुटली? मी सगळं सांगते. पण सुरुवात मॅडमपासून करत नाही. मायला गाडीत बस म्हणणारी मी होते, तिथून करते. आणि यापुढेही तिथूनच करणार, समोर कुणीही असो.