मावशीचा डबा मनिलाला गेला

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार आहेत ते कार्ल्याच्या मावशीचे. हायवेकडेला भाजलेली कणसं आणि चिक्की विकून तिने मला शिकवलं. घरात पदवीधर झालेला मी पहिला.

गेल्या वर्षी तळेगावच्या आमच्या कारखान्यात मशीन बसवायला मनिलाहून एक इंजिनीअर आला. एका रविवारी मी त्याला मावशीकडे, तिच्या घरापुढच्या टपरीवर नेलं. त्यांच्याकडेही कुणाच्या घरी हात हलवत जात नाहीत, म्हणून त्याने खोकंभर खाऊ आणला होता. सुकवलेल्या आंब्याच्या फोडी चावून मावशीने निकाल दिला, की ही आंबापोळी वाळत घालून कुणीतरी विसरलंय. आल्याची पूड गरम पाण्यात ढवळली, तर ती चहापत्ती शोधायला उठली. मग रंगीत कागदातल्या वड्या निघाल्या. भाजलेलं पीठ, दूध पावडर, साखर, लोणी. नाव पोल्वोरोन. वडी तोंडात भरून शिट्टी वाजवायची, हा त्यांच्याकडचा खेळ. पाहुण्याने वाजवून दाखवली. बायामाणसांनी शिट्टी वाजवू नये, असं मावशीने आधी ऐकवलं, मग इकडेतिकडे बघून जोरात फुंकर मारली. शिट्टी आलीच नाही. सगळं पीठ कणसासाठी थांबलेल्या गिऱ्हाइकाच्या काळ्या शर्टावर. तो पुण्याचा होता, त्यामुळे मी घाबरलो. त्याने शर्ट झटकला आणि एक वडी मागितली.

निघताना मावशीने पाहुण्याला चिक्की भरून दिली, ती तिच्या लग्नात मामाने दिलेल्या स्टीलच्या डब्यात. त्यावर मामाचं नाव कोरलेलं, ते मी पाहुण्याला वाचून दाखवलं. मामा आता नाही. आपल्याकडे असा डबा परत येतो, हे सांगावं लागत नाही. त्यामुळे पाहुण्याला कुणी सांगितलंच नाही. तो डबा छातीशी धरून थेट मनिलाला गेला.

"चिक्की गेली त्याचं काय न्हाई रं," मावशी म्हणाली. "दादाचा डबा हाय तो. तू आण."

यंदा कारखान्याने मलाच ट्रेनिंगला मनिलाला पाठवलं. पाहुण्याच्या आईचं मिठाईचं दुकान आहे, तिच्या आजीपासूनचं. लाकडी कपाटं, काचेच्या बरण्या. कोकोची टिकली घोटून केलेलं दाट पेय मी दोनदा मागून प्यालो आणि कप ठेवताना वर बघितलं.

मावशीचा फोन 'जेवलास का'च्या पुढे जात नाही, म्हणून त्याच दिवशी पत्र लिहिलं:

मावशी, जय भीम.
मी जेवलो. डबा सापडला. दुकानात सगळ्यांत वरच्या फळीवर आहे, मामाचं नाव पुढे करून. पाहुण्याची आई तो रोज पुसते. तिला आपली अक्षरं येत नाहीत, पण मुलाकडून तिने नाव पाठ करून घेतलंय आणि येईल त्या गिऱ्हाइकाला सांगते. आपल्या घरात मामाचं नाव एवढ्या वेळा कुणी घेत नाही. माझ्याच्याने डबा मागवेना. तुला पटत नसेल तर कळव, मी लाज सोडून मागून आणतो. नाव मात्र ती फार वाकडं म्हणत होती. ते तिच्याकडून नीट म्हणवून घेतल्याशिवाय मी हललो नाही.