काचेवर बोटांना घर नसतं

टायपिंगच्या बाईंबद्दल लिहायचं मी तीन वर्षं टाळत आलो. आमच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर त्यांच्या आठवणी निघाल्या की कुणीतरी म्हणतंच, "तू त्यांच्या सगळ्यांत जवळचा, तू लिही." मी हात जोडल्याचं चित्र टाकतो आणि गप्प बसतो. लिहायला बसलो तर मध्ये एक शनिवार येणार, हे मला माहीत होतं. आता मला त्र्याहत्तरावं चालू आहे. तो शनिवार जिथे यायचा तिथे येऊ दे. आधी बाई येऊ देत.

बाई बोलता बोलता टाइप करायच्या. मान वर, नजर तुमच्या तोंडावर, आणि "आईचा गुडघा कसा आहे रे?" असं विचारून तुमचं उत्तर येईपर्यंत खाली अर्जाची ओळ संपून घंटी वाजलेली असायची. उत्तरही त्यांनी नीट ऐकलेलं असायचं. पुढच्या आठवड्यात नेमक्या त्याच गुडघ्याची चौकशी व्हायची.

पंचवटीत, भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत, भांड्यांच्या दुकानाच्या माडीवर त्यांचा क्लास होता. खोलीत नऊ मशीन होती. ती एकदम सुरू झाली की खालच्या दुकानातल्या कळशा आपोआप थरथरायच्या. गिऱ्हाइकाला पातेलं वाजवून बघायचं असलं की दुकानदार जिन्यातून ओरडायचा, "बाई, एक मिनिट!" बाई हात वर करायच्या, अठरा हात थांबायचे. खालून टण्ण असा आवाज यायचा. "चांगलं आहे, घेऊन टाका!" बाई वरूनच सांगायच्या आणि क्लास पुढे सुरू. त्यांच्या शब्दावर त्या दुकानात किती पातेली खपली असतील, देव जाणे.

मी अठरा वर्षांचा असताना तिथे गेलो. सातपूरच्या एका कारखान्यात कारकुनाची जागा निघणार होती आणि टायपिंग यायला हवं होतं. माझी खोड अशी, की बटणाकडे बघितल्याशिवाय माझं बोट हलत नसे. बाईंनी माझं नाव ठेवलं खालीबघे. कारखान्यातून निवृत्त झाल्यावरही ते सुटलं नाही. माझ्या नातवासमोर त्यांनी जिन्यातून हाक मारली होती, "खालीबघे आहेत का घरी?" आणि नातवाने आत येऊन मला विचारलं होतं, "आजोबा, आपलं आडनाव बदललं का?"

माझी खोड मोडायला त्यांनी माझ्या मनगटांवरून जुनं पातळ पांघरलं. "बघू नकोस. बोटांना घर असतं. मधल्या ओळीत आठ बोटांची आठ घरं. कुठेही हिंडून आलं तरी बोटानं आपल्या घरी यायचं. घर माहीत असलं की डोळे लागत नाहीत." एखाद्याची बोटं सुरुवातीलाच एक घर सरकून बसली तर अख्खं पान अगम्य व्हायचं. बाई ते पान उचलायच्या आणि वर्तमानपत्र वाचावं तसं खडाखडा वाचून दाखवायच्या. आम्ही तोंडात बोटं घालायचो. त्या म्हणायच्या, "मजकूर बरोबर आहे. फक्त शेजाऱ्यांकडे राहायला गेलाय."

क्लासमध्ये बाहेरची कामंही यायची, अर्ज, दाखले वगैरे. एकदा नांदगावच्या एका गृहस्थांच्या अर्जात मी त्यांच्या गावाचं नावच गाळलं. आठ दिवसांनी ते कचेरीतून परत पाठवलेला कागद नाचवत माडी चढले. मी तिथेच बसलो होतो. बाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "माझ्याकडून राहिलं हो," म्हणाल्या आणि उभ्याउभ्या अर्ज नव्याने टाइप करून दिला. ते गेल्यावर एवढंच म्हणाल्या, "माझ्या क्लासच्या बाहेर गेलेली चूक माझी. दार ओढून घे, वारा येतोय." मी दार ओढलं. तोंड उघडलं नाही. ती सवय तेव्हापासूनची.

पुढे मोबाइल आले. मशीनवर अक्षरांची मांडणी असते तशीच बारीक बटणं असलेला एक फोन बाजारात आला तेव्हा बाईंनी तो घेतला, आणि तसलाच दुसरा सुट्या भागांसाठी. एफ आणि जे या दोन बटणांवर त्यांनी लाल नेलपॉलिशचा एकेक थेंब वाळवून उंचवटा केला. अंगठ्यांचं घर. मग सगळ्या नाशकाने काचेचे फोन घेतले. दुरुस्तीच्या दुकानातला पोरगा त्यांना म्हणाला, "आजी, याची बटणं आता मिळत नाहीत. टचचा घ्या ना, एकदम सोप्पा." बाईंनी त्याचा फोन हातात घेऊन अंगठा फिरवला. "हे तर आरसा पुसल्यासारखं झालं. आपण कुठे आहोत ते बोटालाच कळत नाही. काचेवर बोटांना घर नसतं रे. तू माझं हे बटण चिकटव."

तो फोन त्या पदराखाली धरून, न बघता चालवायच्या. एकदा आम्ही कीर्तनाला बसलो होतो. बाईंची नजर बुवांवर, पदराखाली अंगठे चाललेले. बुवा भारावून गेले. "या माउलींकडे बघा! कथा ऐकतानाही नामस्मरणात खंड नाही!" लोकांनी वळून हात जोडले, बाईंनीही जोडले. तेवढ्यात माझ्या खिशातला फोन थरथरला. मेसेज होता, "बुवा आज लांबवणार. तू भाजीची पिशवी घेऊन मागच्या दाराने नीघ. मी आलेच."

एका रविवारी सकाळी आमच्या गच्चीवर ग्रुपमधल्या सगळ्यांसमोर शर्यत झाली. माझा काचेचा फोन विरुद्ध बाईंचा बटणांचा. पंच होता सातपूरचा वसंता, माझ्याच बॅचचा, आवाजाने लेथ मशीनलाही मागे टाकणारा. बाईंनी स्वतःहून डोळ्यांवर टॉवेल बांधून घेतला. "लय झालं बाई! डोळं बांधून?" वसंता ओरडला आणि त्याने वाक्य सांगितलं, "उद्या सकाळी गंगेवर फिरायला येताना स्वेटर घाला." माझा फोन ओळीच्या वर तीन चौकोनांत शब्द सुचवतो. मी घाईघाईने सुचेल तो शब्द दाबत गेलो. बाईंचं केव्हाच झालं होतं. माझं वसंताने मोठ्याने वाचलं, "उद्या सकाळी गंगापूर रोडला फिरायला येताना स्वागत आहे." गच्चीवर हसून हसून लोकांचे चहा सांडले. बाईंनी टॉवेल सोडला. "तुझा फोन फार प्रेमळ आहे रे. फक्त तू काय म्हणतोस ते तो ऐकत नाही."

याच प्रेमळ फोनवरून मी बाईंची कामं करायचो. त्यांच्या फोनवर ग्रुप चालत नव्हता. त्या मराठी मजकूर इंग्रजी अक्षरांत लिहून मला मेसेज करायच्या. मी तो देवनागरीत पुन्हा टाइप करून ग्रुपवर टाकायचो आणि खाली लिहायचो, "टायपिंगच्या बाई". वर्षानुवर्षं असं चाललं होतं.

आता तो शनिवार.

जागेच्या मालकाला माडी परत हवी होती. क्लास बंद व्हायचा होता. मशीन न्यायला त्या संध्याकाळी टेम्पो येणार होता. बाईंनी मला मेसेज पाठवला. येत्या शनिवारी सकाळी दहाला सगळ्यांनी या, ज्याने त्याने आपापल्या मशीनवर शेवटची एक ओळ टाइप करा. मी एका हातात चहाचा कप घेऊन तो ग्रुपवर टाइप केला. "येत्या" लिहिल्याबरोबर तीन चौकोन आले, शनिवारी, रविवारी, सोमवारी. माझा अंगठा जाड आहे. खाली "टायपिंगच्या बाई" असं लिहून मी मेसेज पाठवला. न वाचता.

शनिवारी दहाला मी गेलो. बाईंनी नवी साडी नेसली होती. नऊही मशीनना तेल दिलेलं, नवी रिबन, प्रत्येकात कोरा कागद. टेबलावर बेसनाच्या लाडवांचा मोठा डबा. साडेदहा वाजले तरी जिन्यात पाऊल वाजेना, तेव्हा मी ग्रुप उघडला. वसंताचा मेसेज होता, "उद्या भेटूच मंडळी!" मी वर सरकून माझा मेसेज पाहिला. रविवारी.

त्या क्षणी एक ओळ पुरली असती. वार चुकला, आत्ता या. निम्मे लोक तर पंचवटीतलेच, दहा मिनिटांत आले असते. वसंता सातपूरहून मोटारसायकलवर अर्ध्या तासात पोचला असता. मी "माझ्याकडून" एवढं टाइप केलं. सगळे वाचतील आणि गच्चीवर हसले तसे हसतील, असं मनात आलं. मी तो शब्द पुसला, फोन खिशात टाकला आणि म्हणालो, "लग्नसराई आहे बाई. अडकले असतील लोक."

बाई बारापर्यंत जिन्याकडे बघत बसल्या. मग उठून त्यांनी पदर खोचला. "चल खालीबघे. आपण दोघं नऊ मशीन वाजवू." आणि आम्ही खरंच वाजवली. या मशीनवर एक ओळ, त्या मशीनवर एक ओळ, लहान मुलांसारखे खुर्च्या बदलत. ज्यांची ज्यांची ती जागा, त्यांची नावं बाईंनी त्या कागदावर टाइप केली. सगळ्यांची नावं त्यांना पाठ होती. मध्येच खालून आवाज आला, "बाई, एक मिनिट!" बाईंनी हात हवेत थांबवले. टण्ण. "चांगलं आहे, घेऊन टाका!" त्या इतक्या हसल्या की डोळे पुसायला पदर घ्यावा लागला. मीही हसलो. पाचला टेम्पो आला.

रविवारी ग्रुपमधले सगळे हार-गुच्छ घेऊन कुलपासमोर उभे. वसंताने मला विचारलं, "च्यायला, वार कुणी चुकवला?" मी म्हणालो, "मला जसा मेसेज आला, तसा मी टाकला."

हे वाक्य मी बोललो. तीन वर्षं जे लिहायचं टाळलं ते हेच.

मग सगळी वरात बाईंच्या घरी गेली. वसंताने हार घातला आणि गरजला, "बाई, जन्मात पहिल्यांदा चुकलात! लय बरं वाटलं बघा!" सगळे हसले. बाईंचा फोन त्यांच्या हातातच होता. त्यांनी मला पाठवलेला मेसेज त्यात होता. दोन बटणं दाबली असती तर सगळ्यांना दिसला असता. त्यांनी फोन बाजूला ठेवला आणि लाडवांचा डबा उघडला. "माझ्या क्लासच्या बाहेर गेलेली चूक माझी. लाडू घ्या. कालचे आहेत."

त्यानंतर लोक मायेनेच, पण म्हणू लागले, "बाईंचं वय झालं." त्यांचा निरोप आला की मला फोन यायचा, "वार नक्की ना? एकदा खात्री कर." शेवटी ग्रुपवरचे निरोप वसंताकडे गेले. जिच्या हातून आयुष्यभर एक ओळ चुकीची गेली नाही, तिच्या प्रत्येक ओळीची खात्री होऊ लागली.

मी रोज दुपारी त्यांच्याकडे जाऊ लागलो. बटणांचा फोन शिकायचाय, असं सांगायचो. खरं तर बोलायला जायचो. तोंड उघडलं की त्या म्हणायच्या, "आधी सराव." मी सराव करायचो, त्या चहा टाकायच्या. माझ्या अंगठ्यांना त्या लाल थेंबांची हळूहळू ओळख होत गेली, आणि खोटं कशाला सांगू, मजा यायची. बटण खाली गेल्याचं बोटाला कळतं, हे मी विसरूनच गेलो होतो.

एका दुपारी त्या म्हणाल्या, "आज डोळे मीट आणि मनातलं लिही. काहीही." मी डोळे मिटले. तोंडाने जमत नव्हतं ते अंगठ्यांनी लिहिलं, पूर्ण वाक्यं, न थांबता. फोन त्यांच्या हातात दिला आणि मग डोळे उघडले. पडद्यावर अगम्य अक्षरांचा ढीग होता. "बाई" लिहायला गेलो तिथे बी, ए, आयऐवजी त्यांचे शेजारी एन, एस, ओ उमटले होते. अंगठे सुरुवातीलाच एक घर सरकले होते.

बाई त्या ओळीकडे बघत राहिल्या. सरकलेली अख्खी पानं खडाखडा वाचणारी ती बाई. त्या दिवशी त्यांनी मोठ्याने वाचलं नाही. पुसायचं बटण अंगठ्याने दाबून धरलं, पडदा कोरा होईपर्यंत. मग हसून म्हणाल्या, "एक घर सरकलंय. उद्या परत."

दुसऱ्या दिवशी त्यांची भाची त्यांना नांदगावला घेऊन गेली. खोकला होता, पंधरा दिवसांसाठी म्हणून. तिथून मला एक मेसेज आला, "सराव चालू ठेव. खाली बघू नकोस." पंधरा दिवसांचे दोन महिने झाले, आणि मग बाई गेल्याचा भाचीचाच फोन आला. दोन्ही फोन बाईंनी माझ्यासाठी ठेवायला सांगितले होते. मी रोज सराव करतो. आता अंगठे सरकत नाहीत.

तेव्हा वसंता आणि ग्रुपवरचे सगळे, वार मी चुकवला. बाईंच्या फोनमध्ये त्यांनी पाठवलेला मेसेज अजून आहे, त्यात शनिवारच आहे. ज्याला बघायचा असेल त्याने घरी या, लाडू मी करीन. त्या दुपारी डोळे मिटून लिहिलेली माझी ओळ त्यांनी वाचली होती की नाही, हे मला कधीच कळणार नाही. माझ्या हातून ती नीट कधी पोचली नाही. प्रत्येक अक्षर आपापल्या घरी असतं, तर ती अशी दिसली असती:

बाई, वार मी चुकवला आणि नाव तुमचं पुढे केलं. मला माफ करा.